डी-८ची दुखापत, चार महिने झाले : आता काय करायचं

भोसरीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय २६, चाकणला कंपनीत कामाला. चार महिन्यांपूर्वी ड्युटी संपवून बाइकवरून घरी येताना अपघात झाला. पाठीचा आठवा मणका, म्हणजे डिस्चार्ज कार्डावरचा ‘डी-८’, फुटला. रॉड-स्क्रू टाकून ऑपरेशन झालं. कार्डावर ‘एएसआयए ए’ असं लिहिलं आहे. बेंबीच्या वरपासून खाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही, लघवीची नळी आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज एक तास फिजिओ येऊन पायांचे व्यायाम करून देतात. ‘आम्ही त्याला कशालाही हात लावू देत नाही, सगळं आम्हीच करतो,’ असंही ताईंनी लिहिलंय. प्रश्न चार : तो कधी चालेल? रात्री पाय आपोआप उडतात, ही सुधारणेची खूण आहे का? फिजिओ दोन वेळा लावावा का? आणि एका ठिकाणी स्टेम सेलचं काही लाखांचं पॅकेज सांगितलंय, त्यासाठी गावाकडची जमीन विकावी का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण घाई तिथे आहे. ताई, जमीन विकू नका. मज्जारज्जूच्या दुखापतीवर स्टेम सेलचा उपयोग होतो हे आजवर सिद्ध झालेलं नाही. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर हा मान्य उपचारच नाही. बाकी आजारांत तो फक्त रीतसर परवानगी घेतलेल्या संशोधन-चाचणीत देता येतो. चाचणी खरी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत ती सापडते आणि तिच्यात पेशंटकडून इंजेक्शनचे पैसे घेत नाहीत. पॅकेज हा शब्द ऐकला की चहासुद्धा न घेता उठायचं. अशा पॅकेजमध्ये इंजेक्शनांच्या जोडीला बहुधा काही आठवड्यांची कसून फिजिओथेरपी असते. घरी परतताना माणूस आधीपेक्षा नीट बसायला लागलेला असतो, आणि श्रेय इंजेक्शन घेऊन जातं.

आता कार्डावरच्या त्या ‘ए’बद्दल. ही श्रेणी ए ते ई अशी असते. ए म्हणजे मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाशीही हालचाल नाही आणि संवेदना नाही; ई म्हणजे सगळं पूर्ववत. पण ती कोणी, कधी आणि कशी ठरवली हे बघावं लागतं. अपघातानंतर काही दिवस, कधी काही आठवडे, मज्जारज्जू स्पायनल शॉकमध्ये असतो, म्हणजे दुखापतीखालचं त्याचं काम तात्पुरतं ठप्प असतं. त्यात पेशंट आयसीयूमध्ये, औषधांच्या गुंगीत. त्या वेळी घाईत लिहिलेला ‘ए’ पुढच्या प्रत्येक कागदावर नुसता उतरवला जातो. खरी तपासणी अर्धा-पाऊण तास चालते : टाचणी आणि कापूस घेऊन अंगावरचे ठरलेले बिंदू, हातापायांचे ठरलेले स्नायू, आणि शेवटी गुदद्वाराची तपासणी. संकोचाने म्हणा, घाईने म्हणा, नेमकी तीच राहून जाते. आणि ‘ए’ की ‘बी’ हे तर तिच्यावरच ठरतं. तिथे बोटाचा दाब जरी कळला तरी पेशंट ‘ए’ राहत नाही. तेव्हा पहिलं काम : पीएमआरच्या, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनच्या डॉक्टरांकडून ही संपूर्ण तपासणी आता नव्याने करून घ्या. एमआरआय पुन्हा काढायचा आग्रह धरू नका. मज्जारज्जूचं काम किती शिल्लक आहे, ते या तपासणीत जेवढं कळतं तेवढं फिल्मवर कळत नाही.

नव्या तपासणीतही ‘ए’च आला तर? दर दहा ‘ए’ पेशंटपैकी साधारण आठ जण वर्षानंतरही ‘ए’मध्येच असतात. उरलेल्यांतही बऱ्याच जणांना थोडी संवेदना किंवा एखाद्या स्नायूत जेमतेम हालचाल मिळते. चालण्याएवढी ताकद येणारे फार थोडे. छातीच्या मणक्यांच्या दुखापतीत तर आणखी कमी. मानेच्या पेशंटला एखादी पातळी, म्हणजे एका मणक्याएवढं काम, परत मिळाली तर कोपर किंवा मनगट हातात येतं, छातीच्या पेशंटला एक पातळी परत मिळाली तर पोटाची एक पट्टी. जे काही परत यायचं असतं त्यातलं बरंचसं पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत येतं, थोडंफार दीड-दोन वर्षांपर्यंत येत राहतं. गुदद्वाराजवळ टाचणीची टोच कळली तर मात्र हिशोब बदलतो आणि पायांच्या व्यायामाची आखणीही बदलते. तोवर ‘ए’ धरून चालायचं.

रात्री उडणारे पाय ही सुधारणा नाही. दुखापतीच्या खाली मज्जारज्जूचा भाग जिवंत आहे, त्याची स्वतःची प्रतिक्षिप्त क्रिया चालू आहे. फक्त मेंदूचा तिच्यावरचा ताबा सुटला आहे. पांघरूण ओढलं, कूस बदलली, नळीला धक्का लागला की पाय उडणार. हालचाल त्याच्या इच्छेने होते आहे का हे घरीही बघता येतं. त्याला डोळे मिटायला सांगा, पायाला हात लावू नका, आणि ‘उजव्या पायाचा अंगठा वर घे’ म्हणा. सांगितल्यावर हलला, ‘सोड’ म्हटल्यावर खाली आला, आणि दर वेळी तसंच झालं, तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. नाहीतर तो स्पॅझम, म्हणजे आपोआप येणारा झटका. स्पॅझम सगळेच वाईट नसतात, त्यांच्यामुळे मांड्यांची जाडी टिकते. पण ते एकदम वाढले तर कारण शोधायचं : लघवीत जंतुसंसर्ग, मूतखडा, बद्धकोष्ठ, कुठे तरी सुरू झालेला बेडसोर, मांसात रुतलेलं नख. त्याला जे दुखून कळत नाही, ते पाय उडून सांगतात. झटके कमी करणारी बॅक्लोफेन चालू असेल तर ती गोळी मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर झटके उसळतातच, शिवाय फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो.

फिजिओ दोन वेळा लावावा का, या प्रश्नाला माझं उलट विचारणं आहे : उरलेल्या तेवीस तासांत तो काय करतो? पडून पाय हलवून घेणं म्हणजे सांधे आखडू नयेत एवढ्यापुरतं देखभालीचं काम. ते वीस मिनिटांत होतं, आणि त्याचं त्यालाही करता येतं. गुडघ्याखाली हात घालून पाय छातीकडे ओढायचा, टाच धरून घोटा वर दाबायचा. त्यासाठी दुसऱ्या तासाचे पैसे घालवू नका. आत्ताचा एक तास त्याला कामं शिकवण्यात जाऊ दे. आणि ‘कशालाही हात लावू देत नाही’ हे ज्या मायेने लिहिलंत ती मला कळते, पण पुण्यातल्या घराघरांत वीसेक वर्षं फिजिओथेरपीचं काम केल्यावर सांगते, मज्जारज्जूच्या पेशंटला खाटेला जखडून ठेवण्यात दुखापतीइतकाच घरच्यांच्या मायेचा हात असतो. आई भरवते, बहीण तोंड पुसते, ब्युरोचा माणूस कूस वळवतो. सहा महिन्यांत धडधाकट हातांचा मुलगा पाण्याचा ग्लाससुद्धा मागून घ्यायला लागतो.

डी-८ला काय काय शाबूत आहे ते बघा. दोन्ही हात पूर्ण, खांदे, छातीचे आणि पाठीचे वरचे स्नायू, पोटाचा वरचा थोडा भाग. या पातळीचा माणूस स्वतः कूस बदलतो, उठून बसतो, पँट चढवतो, पलंगावरून व्हीलचेअरवर जातो, अंघोळ-लघवी-शौच सांभाळतो, कांदा चिरून पोहे करतो, हाताने ब्रेक-अॅक्सिलरेटर चालवायची सोय केलेली कार चालवतो, नोकरीवर जातो. यात शौर्य वगैरे काही नाही, या पातळीचं हे नेहमीचं उद्दिष्ट आहे.

सुरुवात ऑपरेशन केलेल्या सर्जनच्या परवानगीने. मणका जुळलाय, वाकायला-वळायला हरकत नाही, बेल्ट कधी काढायचा, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. मग बसणं. चार महिने पडून राहिलेल्याला एकदम बसवलं की बीपी खाली येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाठीमागे टेका वाढवत नेऊन, पोटाला रुंद पट्टा आणि पायांत घट्ट मोजे घालून, काही दिवसांत हे आटोक्यात येतं. त्यानंतर पाय लांब करून, हात न टेकता बसता येणं ही पहिली खरी परीक्षा. तिच्यासाठी मांडीमागचे स्नायू पुरेसे लांब हवेत. पाठीवर पडून सरळ पाय नव्वद अंशांच्या थोडा पुढे जायला हवा. पण पाठीचा खालचा भाग मुद्दाम ताणून सैल करू नका. पोट-कंबरेचे स्नायू काम करत नसताना ती जरा ताठ असलेलीच बरी, तिच्या आधारावर तो बसतो. बऱ्याच घरी उलट चाललेलं असतं : गुडघ्याखाली दिवसभर उशी, त्यामुळे गुडघे आणि जांघेचे सांधे आखडलेले, आणि पाठ मात्र पुढे वाकवून वाकवून ढिली केलेली. ती उशी आज काढा. सर्जनने परवानगी दिली की रोज थोडा वेळ पालथं झोपवा, अर्ध्या तासापर्यंत वाढवत न्या. जांघेचा पुढचा भाग मोकळा होतो आणि माकडहाडाच्या कातडीला विश्रांती मिळते.

मग पलंग ते खुर्ची. दोघांनी काखेत आणि पायाला धरून उचलायची पद्धत बंद करा. त्याने खांदा निखळतो आणि कातडी घासते. पलंग आणि खुर्चीची बैठक एका उंचीवर आणा, खुर्ची तिरकी लावा, ब्रेक लावा, मधे गुळगुळीत फळी टाका. गुपित डोक्यात आहे : कुल्ले ज्या बाजूला न्यायचे, डोकं त्याच्या उलट बाजूला आणि खाली न्यायचं. डोकं डावीकडे झुकलं की ढुंगण हलकं होऊन उजवीकडे सरकतं. हे एकदा अंगात बसलं की निव्वळ दंडांची ताकद तितकीशी लागत नाही. शिकताना भीती वाटते, तो एकदा-दोनदा सरकून खाली बसेल. फिजिओ समोर असताना बसला तर बिघडत नाही, तोही धडाच. जमिनीवरून पुन्हा वर कसं यायचं हे त्याला एरवीही शिकायचंच आहे. आपल्याकडे पंगत, पूजा, गप्पा, सगळं जमिनीवर. फक्त जमिनीवर बसताना खाली जाड गादी हवी, नुसत्या फरशीवर नाही.

इथेच कातडीचं बोलून घेऊ. मला विचाराल तर माझ्या पेशंटांची वर्षं सर्वांत जास्त खाल्ली ती बेडसोरनेच. पायांत बळ नसल्याने कोणी तीन महिने पालथं पडून राहत नाही, कुल्ल्यावरच्या जखमेने राहतं. पलंगावर दर दोन तासांनी कूस. खुर्चीत दर पंधरा-तीस मिनिटांनी पुढे वाकून छाती मांड्यांकडे न्यायची आणि दोनेक मिनिटं तसंच राहायचं. हातांवर जोर देऊन उचलून धरण्यापेक्षा हे बरं. त्याचे खांदेच आता त्याचे पाय आहेत, ते पन्नाशीपर्यंत पुरवायचे आहेत. सकाळ-संध्याकाळ त्याने स्वतः आरशात माकडहाड, कुल्ल्यांची हाडं, टाचा बघायच्या. लाल डाग दाब काढल्यावर अर्ध्या तासात गेला नाही, तर जाईपर्यंत त्या भागावर भार नाही, मग घरात लग्न असो. मधे भोक असलेली रबरी रिंग कुणी आणून दिली असेल तर परत करा. ती भोवतीचा रक्तपुरवठा दाबते. आणि भाजणं सांभाळा. अंघोळीच्या पाण्यात आधी हात घालून बघायचा, गरम पाण्याची पिशवी पायांना कधीच नाही, वाफाळतं ताट मांडीवर नाही, लॅपटॉपही नाही.

तेलमालिश करायची तर कोमट तेलाने हलक्या हाताने करा, हौस म्हणून. पायात बळ आणायचा तो मार्ग नाही. पण एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, गरम लागत असेल तर मालिश आणि व्यायाम दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आणि चोळल्याने ती फुप्फुसात जाऊ शकते. सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होत असेल किंवा हाड मोडलेलंही असेल. कमरेखालची हाडं पहिल्या एक-दोन वर्षांत झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणून आखडलेला गुडघा जोर लावून वाकवायचा नाही.

लघवीच्या नळीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि मला काळजी तिचीच जास्त आहे. कायमची नळी म्हणजे जंतुसंसर्ग, मूत्राशयात खडे, मूत्रमार्गाला जखमा. ज्याचे हात चांगले आहेत त्याने दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची, याला सीआयसी म्हणतात. अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२मध्ये दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी लागत नाही, साबणाने स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. एका वेळी चारशे-पाचशे मिलीपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही. पाणी दिवसभरात वाटून प्यायचं आणि रात्री कमी करायचं, नाहीतर मधरात्री उठावं लागतं. सुरू करण्याआधी युरोलॉजिस्टकडून युरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजायची, तपासणी करून घ्या. या पातळीवर मूत्राशय आतल्या आत जोराने आकुंचन पावतं, तोंड मात्र उघडत नाही. तो दाब मूत्रपिंडांवर जातो आणि त्याला काही जाणवत नाही. पूर्वी या दुखापतीचे पेशंट किडन्या निकामी होऊनच जायचे. वर्षातून एकदा सोनोग्राफी चुकवू नका. आणि हो, ताप नाही, झटके वाढलेले नाहीत, लघवी गढूळ नाही, नुसता रिपोर्टमध्ये जंतू दिसला, तर अँटिबायोटिक सहसा लागत नाही. प्रत्येक रिपोर्टला एक कोर्स दिला की दोन वर्षांनी खरंच गरज पडते तेव्हा कुठलीच गोळी लागू पडत नाही.

शौचाचं सोपं आहे, फक्त वेळ पाळावी लागते. सकाळचा चहा-नाश्ता झाला की अर्ध्या तासाने कमोड चेअरवर, पोटावर उजवीकडून वर, मग डावीकडे खाली असा हात फिरवायचा, आणि हातमोजा घालून जेली लावलेलं बोट गुदद्वारात हलकेच गोल फिरवायचं. या पातळीवर ती प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असते, त्यामुळे आतडं प्रतिसाद देतं. काही आठवडे न कंटाळता केलं की शरीराला वेळ कळते. डायपरवर भिस्त ठेवली की कातडी जाते.

आणखी एक. तो २६ वर्षांचा आहे. लग्न, शरीरसंबंध, मूल हे प्रश्न त्याच्या डोक्यात आहेतच, आणि तो ते बहिणीला विचारणार नाही. युरोलॉजिस्टकडे जाल तेव्हा तुम्ही बाहेर थांबा, त्यांना एकट्यात बोलू द्या. उपाय असतात, मूल होण्याचेही.

उभं राहणं आणि चालणं. स्टँडिंग फ्रेममध्ये किंवा टिल्ट टेबलवर रोज उभं केलं तर कंबर-घोटे मोकळे राहतात, झटके काही तास नरम पडतात, आणि माणसाला चारचौघांच्या डोळ्याला डोळा भिडवता येतो. जरूर करा. कॅलिपर घालून पॅरलल बारमध्ये चालणंही त्याला शिकता येईल. फक्त ते काय आहे हे आधी समजून घ्या : दोन्ही पाय लोखंडात ताठ करून, हातांवर अंग उचलून पुढे झोकायचं. साध्या चालण्याच्या कितीतरी पट दम लागतो. व्यायाम म्हणून उत्तम, पण कॅलिपर घालून कोणी रोज बाजारात जात नाही; डी-८च्या बहुतेकांचे कॅलिपर वर्षा-दोन वर्षांत माळ्यावर जातात. पट्ट्याने अंग उचलून धरून ट्रेडमिलवर चालवायची यंत्रं पुण्यातही आली आहेत. ती मुख्यतः अपूर्ण, म्हणजे ‘ए’ नसलेल्या, दुखापतीसाठी आहेत. आणि त्यांतही २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, नव्या अपूर्ण दुखापतीच्या पेशंटांना ट्रेडमिलवर चालवलं काय आणि जमिनीवर तितकाच वेळ सराव दिला काय, चालण्यात फरक पडला नाही. यंत्र महाग म्हणून जास्त गुणकारी असं काही नसतं.

मज्जारज्जूला विजेचे सौम्य झटके देऊन हालचाल मिळाल्याच्या बातम्या तुम्हाला कोणीतरी पाठवल्याच असतील. त्या खोट्या नाहीत. २०११मध्ये अमेरिकेत लुइव्हिलला एका तरुणाने असं उपकरण बसवल्यावर उभं राहून दाखवलं, २०१८मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी काही जणांना आधाराने चालवलं, आणि डिसेंबर २०२४मध्ये औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी एफडीएने कातडीवरून वापरायच्या एका उपकरणाला परवानगी दिली. पण ती मानेच्या दुखापतीत हातांच्या कामासाठी आहे, पायांसाठी नाही. या सगळ्या प्रयोगांत माणसांनी महिनोन्महिने घाम गाळलाय. उद्या असं काही इथे आलं, तर आखडलेले गुडघे आणि कुल्ल्यावर जखम घेऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवतील.

खुर्ची विकत घेताना मेडिकल दुकानातली चकचकीत घडीची खुर्ची घेऊ नका. ती हॉस्पिटलमध्ये दुसऱ्याने ढकलायची असते. त्याच्या कुल्ल्यांच्या मापाची, हलकी, पाठ खांद्याच्या पात्याखाली संपणारी, पाय ठेवायची पट्टी त्याच्या नडगीच्या मापाने बसवलेली अशी हवी. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेली नियोफ्लाय अशी मापाने मिळते, तिला पुढे बॅटरीचा जोडही लावता येतो. पैसे कमी असतील तर खुर्चीत काटकसर करा, तिच्यावर बसायच्या गादीत नको. एअर सेलची चांगली गादी आधी घ्या.

आणि घर बदला. हे सांगणं सोपं आणि करणं कठीण, मला माहीत आहे. पण लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर राहून तुम्ही कितीही फिजिओ लावलात तरी तो चार भिंतींतच राहणार. तिथेच भोसरीत तळमजल्याची दोन खोल्यांची भाड्याची जागा बघा. बघायला जाताना टेप न्या. हॉलचं दार रुंद असतं, अडतं ते बाथरूमचं. आपल्याकडे ते बऱ्याचदा अडीच फुटांपेक्षा अरुंद असतं आणि वर उंबरा. उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी. मग त्याला बाहेर काढा. नाशिक फाट्याच्या मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहे, गाडीत खुर्ची सरळ जाते; पहिल्या वेळी फिजिओला बरोबर घेऊन शिवाजीनगरपर्यंत जाऊन या.

मनाचं काय, असं विचाराल. तो चिडेल, गप्प बसेल, मधेच जेवण टाकेल. झोप गेली, मरणाचं बोलू लागला तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला लाजू नका. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले, पुण्यातच नोकरी-संसार केला. आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. म्हणून रोज सकाळी पेटकरांचं नाव घेऊन त्याला प्रेरणा पाजू नका. त्यापेक्षा पाच-सात वर्षं खुर्चीवर असलेला, कामधंदा करणारा एखादा साधा माणूस तुमच्या फिजिओच्या ओळखीत असतोच, त्याला घरी बोलवा आणि दोघांना बोलू द्या. नळी कशी घालायची हे तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

जाता जाता, ज्यांच्या घरी मानेची किंवा डी-६ची किंवा त्याच्या वरची दुखापत आहे त्यांच्यासाठी. डोकं अचानक ठणकलं, चेहरा लाल, दुखापतीच्या वरच्या अंगाला घाम, बीपी नेहमीपेक्षा वीस-चाळीसने चढलेलं, तर झोपवू नका, बसवा. कपडे-पट्टे सैल करा, नळी तुंबली आहे का ते आधी बघा, मग शौच साठलंय का ते. उतरलं नाही तर लगेच हॉस्पिटल. अशा पेशंटचं नेहमीचं बीपी नव्वद-शंभरच असतं, त्यामुळे १४० बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणणारे डॉक्टरही भेटतात. बीपीची नेहमीची आकडेवारी खिशात ठेवा.

ताई, तुमच्याकडे कागदांचं काम अडलेलं दिसतंय आणि त्याला मुदत आहे. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करायला एप्रिल २०२२पासून सहा महिन्यांची मर्यादा आहे. तुमचे चार गेले. याच आठवड्यात वकील गाठा. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात होती का बघा. कामावरून घरी येतानाचा अपघात हा त्या कायद्यात कामावरचा अपघात धरता येतो, आणि तसं झालं तर कायमच्या अपंगत्वाचा दरमहा लाभ मिळतो. कंपनीने राजीनामा मागितला तर वकिलाला विचारल्याशिवाय सही नको. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या, कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. तपासणी ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात होते. कार्डाशिवाय पुढची कुठलीच सवलत हलत नाही.

पीएमआरच्या डॉक्टरांची नवी तपासणी झाली की दोन्ही पायांच्या मिळून दहा स्नायूंचे आकडे आणि गुदद्वाराच्या तपासणीचा निकाल मला कळवा. त्यात ‘ए’ऐवजी दुसरं काही निघालं तर व्यायामाचं वेळापत्रक मी नव्याने लिहून देईन.